‘रेट?’ला ‘इनबॉक्स बघा’ हे उत्तर नव्हे

बेळगावच्या वडगावातल्या एका विणकराच्या घरातून प्रश्न आलाय. वडील आणि भाऊ माग चालवतात, लेकीनं दोन वर्षांपूर्वी इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर साड्यांचं पेज काढलं. फॉलोअर्स साडेनऊ हजार, पण बोलणारे तेच वीसपंचवीस. ती विचारते : आलेल्या प्रत्येक कमेंटला उत्तर द्यायलाच हवं का? कन्नडमध्ये विचारलं तर कुठल्या भाषेत बोलायचं? तक्रार पुसली तर चालेल का? भाषेवरून जुंपली की काय करायचं? आणि जाता जाता : परवा एकाला ब्लॉक केलं, तो निघाला आमच्याच गल्लीतला, आता काय?

ताई, मी मूळचा पत्रिका छापणारा. गेली बारा वर्षं टिळकवाडीत बसून दुकानदारांची पेजं सांभाळतो. एक फरसाणवाले, शेतीची औजारं विकणारे एक, दोन क्लास, एक दाताचे डॉक्टर, खानापूरकडचा एक मधवाला. पत्रिकेच्या धंद्यानं एक गोष्ट हाडात भिनवली. थोरल्या काकांचं नाव धाकट्याच्या खाली छापलं गेलं, तर लग्न लागतं पण घरातलं बोलणं तुटतं. पेजवर ह्याहून फार निराळं काही नसतं. कुणाला आधी ओ दिली, कुणाला दिलीच नाही, हे लोक बरोबर मोजतात.

तुमचं पेज काल रात्री बसून वाचलं. साड्या सुरेख आहेत, फोटोही उजेडात काढलेत. पण प्रत्येक साडीखाली दहाबारा जणींनी ‘रेट?’ विचारलंय आणि प्रत्येकीला एकच उत्तर : ‘इनबॉक्स बघा ताई.’ तुमचे फॉलोअर्स गप्प का, ह्याचं निम्मं उत्तर मला तिथंच मिळालं. दुकानात शिरलेल्या बाईनं चारचौघीत किंमत विचारली आणि तुम्ही तिला कोपऱ्यात नेऊन कानात सांगितली, तर ती काय समजेल? माणूस बघून भाव सांगतात, हेच. आजूबाजूच्या नऊ जणीही तेच समजतात आणि विचारायच्या थांबतात.

भाव लपवायचं कारण मला माहीत आहे. शेजारचे बघतील, पाच रुपयांनी पाडून विकतील. अहो, वडगाव-शहापुरात कुणाच्या मागावर काय चढलंय आणि कितीला जातंय हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याला तुमचा भाव काढायचाय तो मेहुणीच्या अकाउंटवरून इनबॉक्समध्ये येऊन काढतोच. फसते ती फक्त खरी गिऱ्हाईक. काही जण असंही शिकवतात की भाव लपवला की कमेंटी वाढतात आणि पोस्ट लांब जाते. जात असेल. पण ‘रेट? रेट? रेट?’ ह्याला मी गप्पा म्हणत नाही, ती रांग आहे.

तेव्हा किंमत पोस्टमध्येच लिहा. कोरियर धरून की सोडून, ब्लाउजपीस आहे की नाही, लांबी किती, सगळं. लांबी तर मोजपट्टी लावून दाखवा. साडेपाच मीटर साडी आणि ८० सेंटिमीटर ब्लाउजपीस असं नुसतं लिहिलेलं कुणी वाचत नाही. साडी जमिनीवर पसरून टेप टाकलेला फोटो मात्र सगळ्या बघतात. म्हणजे जे प्रश्न उरतील ते खरे प्रश्न असतील आणि त्यांना उत्तर द्यायला तुम्हाला कंटाळा येणार नाही.

आता प्रत्येक कमेंटला उत्तर द्यायचं का? प्रश्नाला, होय, प्रत्येक. कौतुकाला, जमेल तितकं. नुसत्या गुलाबाच्या फुलाला आणि हात जोडलेल्या चित्राला एक हृदय दिलंत तरी पुरे. पण प्रश्नाला हृदय देऊ नका. ‘नऊवारीत मिळेल का?’ असं विचारणाऱ्या बाईला तुम्ही लाल बदाम देऊन पुढं गेलायत, तीन ठिकाणी. तिला वाटलं असेल, मिळते वाटतं.

चोवीस तास मोबाईल हातात धरून बसा असं मी म्हणत नाही. दिवसातून दोन वेळा ठरवा. तुमच्याकडं सकाळी कांड्या भरून झाल्यावर आणि रात्री जेवणाआधी, असं जमेल. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये वेळेबाहेर आपोआप जाणारा निरोप ठेवता येतो. त्यात ‘आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे’ असलं बँकेसारखं लिहू नका. ‘आत्ता मागावर आहोत, रात्री ८ नंतर नक्की सांगते’ एवढं लिहा. आणि रात्री ८ नंतर खरंच सांगा.

हाका मारताना जरा जपून. सगळ्यांना ‘डिअर’ म्हणायची फॅशन आलीय, ती आपल्याकडं कुणालाच आवडत नाही, बोलून दाखवत नाहीत इतकंच. चाळिशीच्या बाईला ‘काकू’ म्हटलंत तर साडी गेली म्हणून समजा. अकाउंटचं नाव गुलाबाचं आणि फोटो सूर्यास्ताचा असेल तर पलीकडं बाई आहे की बुवा हे कळत नाही. तिथं ‘नमस्कार’ म्हणून सुरुवात करा. माझ्या औजारवाल्यांनी एकदा नांगराच्या फाळाची चौकशी करणाऱ्याला ‘दादा’ म्हटलं. बाई होत्या, रामदुर्गकडच्या, स्वतः शेती बघणाऱ्या. त्यांनी हसून घेतलं, पण सगळेच हसून घेत नाहीत.

भाषेचं सांगतो, कारण ह्या प्रश्नात तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलेल्या दिसता. रविवार पेठेतला आडत्या काय करतो ते आठवा. समोरचा मराठी बोलला की मराठी, कन्नड बोलला की कन्नड, गोव्याचा आला की कोकणीचे चार शब्द. त्यानं कधी ह्याचं धोरण ठरवलेलं नाही. पेजवरही तेच. ज्या भाषेत प्रश्न, त्याच भाषेत उत्तर. कुणी ‘रेट एष्टु री?’ विचारलं तर ‘१,४५० रूपायि री अक्का, कोरियर बेरे’ एवढं तुम्ही रोज बाजारात बोलताच, ते लिहायला काय हरकत? तिनं इंग्रजी अक्षरांत कन्नड लिहिलं असेल तर तुम्हीही इंग्रजी अक्षरांतच लिहा. कन्नड लिपी येत नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. चुकायची भीती असेल तर सांगून टाका : ‘नम्म कन्नड स्वल्प कच्चा ऐतरी.’ आमचं कन्नड जरा कच्चं आहे. समोरची बाई उलट तुम्हाला शब्द शिकवते, आणि ते शिकवणं चारचौघांत होतं. तुम्ही नऊ हजारांत शोधताय ते बोलणं हेच.

पोस्टच्या मजकुराचं थोडं वेगळं. मी वर मराठी आणि खाली कन्नड लिपीत कन्नड असं ठेवतो. तुमची घरची भाषा मराठी, ती आधी, ह्यात कुणी वावगं मानत नाही. मात्र कन्नड मजकूर मशीनकडून करून घेऊन तसाच डकवू नका. साडीच्या काठाला कन्नडमध्ये ‘अंचु’ म्हणतात आणि पदराला ‘सेरगु’. एका पेजवर मशीननं काठाचं ‘दंडे’ केलं होतं, म्हणजे नदीचा तीर. जरीच्या नदीतीराची साडी! दोन दिवस लोकांनी मजा घेतली. गल्लीत कन्नड शाळेत शिकलेली एखादी मुलगी असतेच, तिच्याकडून दोन ओळी वाचून घ्या. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा कर्नाटकाचा नियम आहे, तो पाटीचा. पेजवरचा टक्का तुमचं गिऱ्हाईक ठरवतं.

फॉलोअर्सना बोलतं करायचं म्हणजे त्यांना प्रश्न विचारायचा, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. म्हणून तुम्ही दर साडीखाली लिहिता, ‘कशी वाटली? कमेंटमध्ये नक्की सांगा!’ ह्याला ‘छान’ सोडून काय उत्तर देणार? प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर तिच्याकडं आहे आणि तुमच्याकडं नाही. मी दुसऱ्या एका साडीवाल्यांच्या पेजवर एकदा नुसत्या काठाचा जवळून फोटो टाकला आणि विचारलं, ‘ह्या काठाला तुमच्या घरात काय म्हणतात?’ एकीनं लिहिलं रुईफूल. दुसरी म्हणाली, छे, आमची आजी ह्याला करवतकाठ म्हणायची. तिसरी कन्नडमधून आली आणि म्हणाली, हे ‘गोमी’सारखं दिसतंय, इरकलला असतं तसं. मग तिघींची जुंपली, पण गोड. मध्येच सौंदत्तीकडच्या एका आजींनी, म्हणजे त्यांच्या नातीनं त्यांच्यासाठी, लिहिलं की त्यांच्या लग्नातल्या साडीला असाच काठ होता आणि ती साडी अजून ट्रंकेत आहे. तिचा फोटोही टाकला.

पेजवाले तेव्हा गप्प बसले असते तर त्या दिवसाची गंमत त्या दिवशीच संपली असती. मी त्यांना पुढच्या आठवड्यात त्याच काठावर पोस्ट करायला लावली : करवतकाठ म्हणजे दात असलेला, रुईफुलात फुलाची ओळ येते, आपला काठ दोन्हींच्या मधला आहे, आणि सौंदत्तीच्या आजींच्या ट्रंकेतला हा असा. आजींचा फोटो वापरायच्या आधी नातीला विचारलं. तिनं आजीला विचारलं. आजी म्हणाल्या, साडीचा टाका, माझा नको. तसंच केलं. आता त्या पेजवर नवीन काठ आला की बायका न विचारता नावं सांगतात. सांगितलेलं कुठंतरी पोचतं, वापरलं जातं, हे दिसलं की माणूस पुन्हा बोलतो.

फोटोचं निघालंच आहे तर : गिऱ्हाइकानं साडी नेसून काढलेला फोटो तुम्हाला पाठवला, म्हणजे तो पेजवर टाकायची परवानगी दिली असं होत नाही. तिनं तो तुम्हाला दाखवलाय, गावाला नाही. विचारा : टाकू का, चेहऱ्यासकट की नुसता पदर, नाव लिहू का. तीन प्रश्न, एक मेसेज. आपल्याकडं सासरचे नऊशे नातेवाईक तुमच्या साडेनऊ हजारांत कुठंतरी बसलेले असतात.

व्हॉट्सॲपवर न विचारता कुणाला ग्रुपात ओढू नका, हे तुम्हाला सांगायला नको. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणजे ज्यांना तुम्ही नकोशा आहात ते आपोआप गळतात, ही सोयच म्हणायची. आठवड्याला एकाहून जास्त पाठवू नका. रोजच्या सुप्रभाताची तर गरजच नाही.

आता तक्रार. तुम्ही दोन तक्रारी पुसल्यात, मला खालच्या उत्तरांवरून कळलं, कारण प्रश्न गायब आहेत आणि वेगळ्या कमेंटीत लिहिलेली उत्तरं हवेत लोंबकळतायत. लोकांनाही कळतं. एका गिऱ्हाइकाच्या पेजवर गडहिंग्लजच्या बाईंनी लिहिलं होतं, ‘पहिल्या धुण्यात रंग गेला. फसवणूक आहे.’ मालकांनी मला दाखवलेलं पहिलं उत्तर असं होतं : ‘मॅडम आमच्या मालाची क्वालिटी १०० टक्के गॅरंटीड आहे. आपण गरम पाण्यात धुतली असणार. कृपया बदनामी करू नये.’ मी म्हटलं, थांबा, चहा घ्या. मग हे लिहिलं : ‘ताई, साडीचा रंग गेला हे वाईटच झालं. कुठला रंग कुठं उतरलाय त्याचा एक फोटो व्हॉट्सॲपला पाठवाल का? साडी परत मागवायचा कोरियर आमच्याकडं. साडी बघून उद्या संध्याकाळपर्यंत नाही, पण हातात आल्यापासून दोन दिवसांत इथंच सांगतो.’

साडी आली. मरून काठ क्रीम अंगावर उतरला होता, पाणी गरम असो की गार. सुताच्या रंगाचा घाणाच बिघडला होता. मालकांनी पैसे परत केले आणि त्याच कमेंटखाली लिहिलं की चूक आमचीच, त्या घाण्यातल्या आणखी सहा साड्या गेल्यात, घेतलेल्यांनी कळवा. बाईंनी पैसे घेतले. कमेंट काढली नाही, आभारही मानले नाहीत, नंतर कधी काही घेतलंही नाही. मालक आठवडाभर धुसफुसत होते. पण सहापैकी चौघींनी स्वतःहून फोन केला, आणि त्या चौघींनी पेजवर काहीही वाईट लिहिलं नाही. माझ्या लेखी सौदा स्वस्तात पडला.

पुसायचं काय? शिव्या, धमक्या, कुणाचा फोन नंबर, आणि कर्जाच्या जाहिराती. बाकी सगळं राहू द्या.

भाषेच्या भांडणाचं आता. ते साडीवरून सुरू होतच नाही, गावाच्या नावावरून होतं. १ नोव्हेंबर २०१४ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, आणि तेव्हापासून कुठल्याही पेजवर नुसतं गावाचं नाव लिहिलं तरी कुणीतरी दुसरं नाव घेऊन येतं. मी मराठीत बेळगाव लिहितो, कन्नडमध्ये बेळगावि, कोरियरच्या लेबलावर पोस्टात चालतं ते. कुणी हटकलं तर एकदाच, शांतपणे हेच सांगतो. दुसऱ्यांदा तोच माणूस आला तर उत्तर नाही. तिसऱ्यांदा आला आणि सभ्य असला तर राहू दे, तुमचे वाचणारे लहान मुलं नाहीत.

दोन गिऱ्हाइकं एकमेकांच्या अंगावर गेली तर बाजू घेऊ नका, अगदी तुमच्या मनातली असली तरी. तुमची मतं तुमच्या स्वतःच्या अकाउंटवर मांडा, तो तुमचा हक्क आहे. १ नोव्हेंबरला एका घरात कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव असतो आणि शेजारच्या घरात, महाराष्ट्रात जाता आलं नाही म्हणून, काळा दिन. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांच्या पेजांवर काहीच टाकत नाही, सवलतीची पोस्टसुद्धा नाही. आणि त्या आठवड्यात फिरणारे व्हिडिओ चुकूनही पुढं पाठवू नका. कुठल्या वर्षीचे, कुठल्या गावचे, काही पत्ता नसतो. भाषेवरून दोन गटांत द्वेष पसरवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हे पोलीस ठाण्यात सांगत बसायची पाळी कशाला आणायची?

रोज पेजवर जुंपत असेल तर यंत्राची मदत घ्या. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये नको असलेल्या शब्दांची यादी देता येते. त्यात शिव्या देवनागरीत, कन्नड लिपीत आणि इंग्रजी अक्षरांत अशा तिन्ही तऱ्हेनं टाका. यादी करताना हसू येईल, पण ती करावीच लागते. आणि ब्लॉकच्या आधी एक पायरी आहे, ‘रिस्ट्रिक्ट’. ते केलं की त्या माणसाची कमेंट त्याला स्वतःला दिसते, इतरांना नाही. तो आपला बोलत राहतो, भांडण मात्र होत नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, नाहीतर हा मोठा शहाणा बोलतोय असं वाटेल. ऑगस्ट २०१९. फरसाणवाल्यांच्या पोस्टी मी आठवडाभर आधी वेळ लावून ठेवायचो. त्यात एक होती : ‘धो धो पाऊस आणि गरमागरम भजी! येताय ना?’ ती बरोबर सकाळी ११ला गेली. तेव्हा कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या भरून वाहत होत्या; गोकाक, चिक्कोडी, निपाणीकडची गावं पाण्यात होती. खाली पहिली कमेंट आली, ‘आमच्या घरात छातीभर पाणी आहे, भजी कुठं तळू?’ मी घाबरून पोस्ट पुसली, गुपचूप. तोपर्यंत स्क्रीनशॉट गोकाकला पोचला होता. दुपारी मालकांनी स्वतः तीन ओळी लिहिल्या : पोस्ट आधीच लावून ठेवलेली होती, बघायला हवी होती, चुकलो. मग त्यांच्या गाडीतून फरसाणाचे डबे कुठं जाणार आहेत तेवढं लिहिलं. माफी आणि डबे, दोन्ही सकाळीच सुचायला हवं होतं. तेव्हापासून सकाळचा पेपर वाचल्याशिवाय मी लावून ठेवलेली एकही पोस्ट सोडत नाही.

‘लाइक करा, शेअर करा, तीन मैत्रिणींना टॅग करा आणि साडी जिंका’ हे तुम्ही दिवाळीत केलंत. त्यातून आलेले हजारभर लोक साडीसाठी आले होते, तुमच्यासाठी नाही. ते गप्पच राहणार. निकाल मात्र तुम्ही जाहीरच केला नाहीत. आज करा, उशीर झाला म्हणून माफी मागून. आणि एखाद्या रील करणाऱ्या मुलीला साडी फुकट दिलीत तर तिला त्यावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायला सांगा. जाहिरात मानक परिषदेचा २०२१पासूनचा नियम आहे, आणि फुकटची वस्तू हीसुद्धा त्यात मोबदलाच धरतात.

राहिला तुमच्या गल्लीतला माणूस. तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. त्यानं लिहिलंय, ‘हा माल तुमचा नाही, सुरतचा आहे.’ शिवी नाही, धमकी नाही. खोटं आहे एवढंच. त्याला ब्लॉक करून तुम्ही उत्तर द्यायची संधी घालवलीत. आधी ब्लॉक काढा. मग भावाला मागावर बसवून पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढा, काठ विणला जातोय तो दिसू दे, धोट्याचा आवाजही येऊ दे. त्याच्या आरोपाला उत्तर म्हणून तो पेजवर टाका आणि लिहा, ‘काका, उद्या या, चहा घेऊ, माग बघू.’ हे गणपतीच्या आधी करा. वर्गणीचं पुस्तक घेऊन तो तुमच्या दारात यायचाच आहे.